उरलेली टेप

दादा जिना चढून वर आला तेव्हा त्याच्या काखेत रिकाम्या गोण्यांची गुंडाळी होती. ती त्याच्या बहिणीने, मधलीने, पाहिली. म्हणजे आज नुसत्या चर्चेवर भागणार नव्हतं.

मागच्या रविवारी याच टेबलाशी, जेवताजेवता, आईने पाण्याचा पेला खाली ठेवला होता आणि उद्या दूध जास्त घ्यायला हवं अशा सुरात सांगितलं होतं, "मी थोरल्याकडे राहायला जाते. हे इथे राहतील." बस्स. ना रडणं, ना भांडण. त्यावर व्हायची ती आदळआपट आठवडाभर फोनवर होऊन गेली होती आणि आता उरली होती ती फक्त सोय. बाबांची नजर अधू झालेली. पार गेली नव्हती, पण मधोमध धुकं आणि कडेकडेचं तेवढं दिसायचं. समोरच्या माणसाकडे बघायचं तर ते त्याच्या शेजारच्या भिंतीकडे बघत. त्यांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून सोबतीला एक माणूस ठेवायचं ठरलं. माणूस म्हटला की त्याला खोली हवी. आणि घरात रिकामी करता येईल अशी खोली एकच होती. मागची.

मागच्या खोलीत बाबांची कॅसेटींची मांडणी होती. दुसऱ्यांची लग्नं, दुसऱ्यांच्या पोरांचे वाढदिवस, शाळांची संमेलनं, कुठल्या कुठल्या साहेबांचे निरोपसमारंभ यांचं व्हिडिओ शूटिंग करण्यात त्यांनी उभी हयात घालवली होती. गिऱ्हाइकाला नक्कल द्यायची आणि मूळ कॅसेट आपल्यापाशी ठेवायची, हा त्यांचा शिरस्ता. त्या मूळ कॅसेटी जमिनीपासून छतापर्यंत चारी भिंतींना लागल्या होत्या. खोलीला खिडकीही होती, पण ती फक्त रस्त्यावरून दिसायची.

"कुठून सुरुवात करायची?" दादाने एक गोणी झटकली.

"आधी चहा घे," मधली म्हणाली.

"चहा झालाय. दुपारी टेम्पो येतोय."

"मग टेम्पोला दे चहा," मामा खुर्चीतूनच म्हणाला. "तो तरी शांतपणे घेईल."

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. जन्मभर शाळेत पीटी शिकवली; गळ्यातली शिट्टी गेली, आवाजातली राहिली. घरात कसलाही तंटा निघाला की तो आपणहून पंच व्हायचा आणि थोड्या थोड्या वेळाने बाजू बदलायचा. सकाळपासून तो दादाच्या बाजूला होता.

दादाच्या मागून वहिनी आली. ती दातांची डॉक्टर. माणसाने तोंड उघडायच्या आत तिला दुखणं कळायचं. तिने मधलीकडे पाहिलं, गोण्यांकडे पाहिलं आणि चपला काढल्या. सासू आपल्याकडे राहायला येणार, हे या सगळ्या गदारोळात तिला कोणी विचारलं नव्हतं, नुसतं कळवलं होतं. तिची काही तक्रार नव्हती. पण विचारलं असतं तर बरं वाटलं असतं, हे तिच्या चपला नीट जोडून ठेवण्यातून मधलीला ऐकू आलं.

"दादा, निम्म्याच कॅसेटी झाल्यात माझ्या," मधली म्हणाली. "बाकीच्या डब्यात उतरवायच्यात अजून. तोवर थांब."

"तुझा तो डबा!" दादाने कपाळाला हात लावला. "अगं, कोणाकोणाची लग्नं ती. त्यातल्या निम्म्या लोकांनाच ती बघायची नसतील. तू कशाला बघतेस?"

त्या डब्याने गेले काही महिने मधलीच्या डोक्यात घर केलं होतं. ती बहिऱ्या माणसांना कानाची यंत्रं बसवून द्यायची. तिच्या दवाखान्यात नवे कॉम्प्युटर आले, तेव्हा जुना एक भंगारात निघाला होता. तो तिने मागून घेतला, रिक्षात मांडीवर घेऊन आली, आणि मागच्या खोलीतल्या टेबलावर त्याचं पोट उघडून बसली. थोडी मेमरी वाढवली. कोणाच्या तरी बंद पडलेल्या कचेरीतल्या दोन जुन्या डिस्का मिळवल्या आणि जोडल्या. एकीवर जे जाईल त्याची प्रत आपोआप दुसरीवर पडायची, म्हणजे एकीने मान टाकली तरी दुसरी उभी. प्रोग्रॅम फुकटातला. झाकणाचे स्क्रू मिळाले नाहीत म्हणून रबरबँड. एवढ्यावर घरातल्या कुठल्याही टीव्हीवर, फोनवर, हवी ती फीत हवी तेव्हा लावता येणार होती. आणि इंटरनेट असलं तर दादाच्या घरीसुद्धा.

पहिल्या दिवशी तो डबा असा काही घुरघुरायला लागला, की बाबा बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "मांजर आणलंस का?" मधली कान लावून बसली. सबंध दिवस दुसऱ्यांच्या कानांशी खेळणारी ती. तो आवाज पंख्याचा नाही, डिस्कांची थरथर पत्र्यात उतरतेय, हे तिला लगेच कळलं. तिने खोडरबराचे तुकडे कापून डिस्कांखाली सरकवले. डबा गप्प झाला. मग कान अगदी जवळ नेला तरच ऐकू यायचं, कोणी तरी दूरच्या खोलीत झोपलंय असं.

कॅसेट उतरवायची म्हणजे ती पूर्ण चालवावी लागे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मधली सकाळी कामावर जाता जाता इथे येऊन जुन्या व्हीसीआरमध्ये एक घालायची, परतताना ती काढून दुसरी घालायची. बघत कधीच बसली नाही. पण डिस्का होत्या लहान. भराभर भरायला लागल्या, तेव्हा तिने जागा वाचवायची एक युक्ती काढली: समारंभ संपल्यावर कॅसेटीच्या शेवटी जो कोरा निळा पडदा राहतो, तो कापून टाकायचा. अशाच एका संध्याकाळी ती कापायला बसली. कुठल्याशा लग्नातली शेवटची माणसं हात धुऊन निघून गेली, पडदा थरथरला. निळा झाला नाही.

पडद्यावर त्यांचंच स्वयंपाकघर होतं. पहाट असावी. पातेल्यातून वाफ वर जात होती आणि खिडकीतला उजेड त्या वाफेत अडकून राहिला होता. कोणी बोलत नव्हतं. आई पाठमोरी उभी, केस नुसते गुंडाळलेले. ती काहीच करत नव्हती, वाफेकडे बघत होती. आणि अगदी जवळ, माइकला लागून, कोणाचा तरी श्वास ऐकू येत होता. तो श्वास मधलीने कुठेही ओळखला असता.

तिने दुसरी फीत काढली. तिच्याही शेवटी होतं. तिसरीच्या नव्हतं, चौथीच्या होतं. समारंभ संपवून घरी आल्यावर कॅसेटीत जेवढी टेप उरली असेल, तेवढं घर. ते तुकडे कापून तिने वेगळे ठेवले आणि त्यांना नाव दिलं, शेपटं. कोणाला काही सांगितलं नाही. दोनच दिवसांनी आईने पाण्याचा पेला खाली ठेवून ते वाक्य उच्चारलं, आणि मग सांगायचं कसं हेच तिला कळेना.

आता दादाने पहिली गोणी भरायला घेतली होती. मधली मागच्या खोलीत गेली. बाबा तिथेच होते, स्टुलावर, हाताने एकेका कॅसेटीची पाठ चाचपत.

"बाबा," तिने दार लोटलं. "कॅसेटींच्या शेवटी काय आहे ते पाहिलं मी."

बाबांचा हात थांबला. त्यांनी तिच्याकडे बघायला तोंड भिंतीकडे वळवलं.

"टेप उरायची," ते म्हणाले. "वाया कशाला घालवायची?"

"एवढंच?"

"घरी यायचो तेव्हा तुम्ही सगळे झोपलेले तरी असायचात, नाहीतर आपापल्या कामात. कॅमेरा खांद्यावरून खाली ठेवायच्या आधी थोडा वेळ चालू ठेवायचो. बरं वाटायचं."

"आईला माहीत आहे?"

"तिला कशाला?"

"मी दाखवते तिला. आज. आत्ता."

"नको." हे मात्र त्यांनी चटकन म्हटलं. "तिची बॅग भरून झालीये. आता दाखवलंस तर तिला वाटेल, थांबवायला दाखवतायत. तसं नको, मधले. जायचंय तर तिला नीट जाऊ दे."

बाबांनी कधी काही मागितलं नव्हतं. आणि आता मागत होते ते हे.

"बरं," ती म्हणाली.

बाहेर वेगळाच खेळ रंगला होता. मामाने बाजू बदलली होती. "फेकायच्या आधी एकदा बघू तरी, पोरीने केलंय काय! डबा डबा म्हणून नुसतं नाव ऐकतोय." दादा म्हणत होता, मामा, टेम्पो येतोय. वहिनीला बहुधा गोण्यांचा धुरळा सोसवेना; तिने टीव्हीचा रिमोट उचलला आणि मधलीने शिकवल्याबरहुकूम बटणं दाबली. पडद्यावर चौकटी मांडल्या गेल्या. लग्नं. वाढदिवस. संमेलनं.

"आणि हे 'शेपटं' काय आहे गं?" तिने विचारलं.

मधली दारात उभी होती. चार पावलं टाकून रिमोट हातातून घेता आला असता. 'ते बिघडलेलं आहे, वहिनी' असं म्हणता आलं असतं. बाबांना तिने आत्ताच शब्द दिला होता. ती उभी राहिली. वहिनीने तिच्या तोंडाकडे एकदा निरखून पाहिलं, आणि बटण दाबलं.

वाफेचं पातेलं आलं. मग पडदा थरथरला आणि दुसरं घर आलं, तेच घर, पण पडदे वेगळे. मेजावर डोकं टेकून एक मुलगा झोपलेला, गालाखाली गणिताची वही, पेन्सिल अजून बोटात. कॅमेरा हळूच जवळ गेला, जसं कोणी तापाचं अंग बघायला हात नेतं तसा, आणि तिथेच थांबला. मुलाने झोपेत ओठ हलवले.

"हा मी," दादा म्हणाला. गोणी त्याच्या हातातच होती.

मग एक रिकामी खुर्ची, तिच्या पाठीवर आईची राखाडी शाल. मग मधली स्वतः, दोन वेण्या, आरशासमोर उभी राहून स्वतःशीच काहीतरी बोलणारी. काय बोलत होती ते तिला आठवेना आणि ऐकूही येईना, नुसतं पुटपुटणं. मग वाळत घातलेले कपडे वाऱ्यावर, आणि त्यांच्यामधून येणारी-जाणारी आई, एकदा दिसणारी, एकदा पांढऱ्या चादरीआड गेलेली. सगळ्यात मागे तोच श्वास. सगळे पडद्याकडे वळले होते. मामासुद्धा.

आई कधी येऊन उभी राहिली ते कोणाला कळलं नाही. ती आतल्या खोलीच्या उंबऱ्यात होती, हातात घडी करायचा टॉवेल.

मग एक मैदान आलं. लोखंडी जाळीतून काढलेलं, जाळीचे चौकोन मध्ये मध्ये येणारे. मुलं धावत होती. कॅमेरा एकाच मुलाबरोबर सरकत होता, बारीक पायांच्या, दात-ओठ खाऊन धावणाऱ्या. तो बराच मागे होता.

दादा खाली बसला. खुर्चीत नाही, जमिनीवर, गोणीवरच.

"बाबा!" त्याने हाक मारली. "बाबा, बाहेर या."

बाबा भिंत धरत आले. पडद्यावर काय चाललंय हे त्यांना मुलांच्या आरड्याओरड्यावरून कळलं असावं, कारण ते दारातच थांबले.

"तुम्ही आला होतात?" दादा म्हणाला. "शर्यतीला? मी आयुष्यभर म्हणत आलोय, तुम्ही आला नव्हतात."

"पुढच्या कामाला जाता जाता. जाळीबाहेरून."

"मग सांगितलं का नाही?"

"तू शेवटून दुसरा आलास," ते म्हणाले. "मी आलो होतो म्हटलं असतं, तर मी ते पाहिलं असं तुला वाटलं असतं."

"शेवटून तिसरा," मामा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, पण पंचाचा निकाल तो सोडणार नव्हता. "तुझ्या पुढचा पोरगा लेन सोडून धावला होता. मी बाद केला होता त्याला."

दादाला हसू आलं आणि त्या हसण्याच्या पोटातून दुसरंच काहीतरी बाहेर पडलं. वहिनी उठून त्याच्याजवळ जाऊन बसली, तशीच जमिनीवर. तिने त्याच्या हातातली गोणी काढून घेतली आणि घडी करून बाजूला ठेवली.

आई अजून उंबऱ्यातच होती. पडद्यावर आता तीच होती. दुपार, खिडकीशी बसलेली, मांडीवर काहीतरी शिवण, आणि सुई हातात तशीच ठेवून बाहेर बघणारी. किती तरुण! मधलीला एकदम जाणवलं, ही बाई माझ्याहून लहान आहे. कोणी हाक मारली असती तर ती दचकली असती. कोणी हाक मारली नाही.

"उरलेली टेप," आई म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"उरलेल्या टेपमध्ये बसवलंत होय आम्हाला." ती बाबांशी बोलत होती आणि आवाज अजिबात चढलेला नव्हता. "मी इथे बसून वाट बघत असायचे. तुम्ही दारातच उभे होतात तर. एवढं घर होतं, पुढे यायचं होतं."

"झोपमोड होईल वाटायचं," बाबा म्हणाले.

"मी शिवतेय यात. झोपले कुठेय?"

आईने टॉवेलाची घडी पुरी केली आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

मधली तिच्या मागे गेली. आई ओट्याशी उभी होती, जिथे पातेलं होतं बरोबर तिथे. नळ चालू करून तिने पेला विसळला. तो आधीच स्वच्छ होता.

"मला वाटलं होतं, हे बघून..." मधलीने सुरुवात केली.

"थांबेन?"

"हो."

आईने नळ बंद केला. "तुम्हा सगळ्यांना वाटतंय मी रागावून चाललेय. राग कधीच संपला गं. राग असता तर राहिले असते, भांडायला." ती मधलीकडे वळली. "मी दमलेय. आयुष्यभर या घरात कोणाच्या तरी यायच्या वेळा सांभाळल्या. आता त्यांच्या गोळ्यांच्या वेळा, त्यांच्या पायऱ्या, त्यांचा हात धरून बाथरूम. ते मला करायचं नाहीये असं नाही. मला थोडे दिवस काहीच करायचं नाहीये. कोणाच्या तरी घरी पाहुणी म्हणून राहायचंय. सकाळी उठून विचारायचंय, चहा झाला का?"

वहिनी दारात आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. "आई," ती म्हणाली, "माझ्याकडे चहा मी करते. तुम्ही ओट्याला हात लावायचा नाही. ही माझी अट."

आईच्या चेहऱ्यावर प्रथमच काहीतरी सैल झालं. "तुला कोणी विचारलं तरी का, मी येऊ का म्हणून?"

"नाही."

"मग मी विचारते. येऊ का?"

"या," वहिनी म्हणाली, आणि तिने घाईघाईने बिस्किटांचा डबा शोधायला घेतला.

टेम्पो आला तो रिकामाच परत गेला. दादाने खाली जाऊन टेम्पोवाल्याची समजूत काढली. सोबतीच्या माणसासाठी बाहेरच्या खोलीत पलंग टाकायचं ठरलं. दादाने स्वतःच मोजमाप घेतलं आणि मामाने ते चुकीचं असल्याचं जाहीर केलं. निघताना आईने आपली बॅग कोणाला उचलू दिली नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर ती थांबली.

"मधले, तो डबा तिकडे नेता येतो का?"

"डबा इथेच राहणार. चित्र तिकडे येतं. दादाच्या टीव्हीवर मी सगळं लावून देईन."

"म्हणजे हे इथे, मी तिकडे, आणि बघायचं एकच?"

"एकाच वेळी लावलं तर, हो."

आईने मान हलवली आणि ती खाली उतरली. बाबा गॅलरीत उभे होते. गाडी कुठल्या दिशेने गेली हे त्यांना कळलं की नाही कोण जाणे; ते भलत्याच बाजूला बघत होते, म्हणजे बहुधा बरोबर तिकडेच.

नवा माणूस भला निघाला. कमी बोलायचा, चहात साखर जास्त घालायचा. मधली आता कामावरून आली की संध्याकाळभर इकडेच थांबायला लागली. राहिलेल्या कॅसेटी एकेक करून उतरत होत्या. आता ती शेवट कापायची घाई करत नव्हती. बाबा संध्याकाळी टीव्हीसमोर बसत, पण लावू का विचारलं तर म्हणत, राहू दे, मला काय दिसणार.

मग एके संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, आईचा फोन आला. बाबांच्या फोनवर.

"लावलंय का तिकडे?" तिने विचारलं. तिचा आवाज मधलीला फोनबाहेरही स्पष्ट ऐकू येत होता, विश्रांती घेतलेल्या माणसाचा आवाज.

"काय लावायचं?" बाबा म्हणाले.

"शेपटं हो. मधली आहे ना तिथे? तिला म्हणावं आज उतरवलेली लाव. मी पण लावते इकडे. मला येतं आता."

मधलीने फोन स्पीकरवर ठेवला, तीन म्हटलं की बटण दाबायचं ठरलं, बहिणीला भेटायला गेलेला मामा तिकडून "सावधान!" म्हणून ओरडला, आणि दोन्ही घरांत एकदमच पडदा उजळला. मागच्या खोलीतल्या डब्यात डिस्का जाग्या झाल्या.

"काय आहे?" बाबांनी विचारलं.

"जिना आहे आपला," आई म्हणाली. "दुपारचा. उन्हाची पट्टी पडलीये पायऱ्यांवर. कोणी नाहीये. हां, आता मी आले. पिशव्या आहेत हातात. बसले मधल्याच पायरीवर."

"कशी दिसतेस?"

"दमलेली." मग म्हणाली, "पण बरी दिसतेय हो. केस दाट होते."

"दाटच होते," बाबा म्हणाले.

"आता पिशवीतून सफरचंद काढलं. पुसलं नाही, तसंच खातेय. बघा, मुलांना ओरडायचे मी धुतल्याशिवाय खाल्लं की."

बाबा हसले. खूप दिवसांनी हसले, खांदे हलवून. माणूस आतून चहाचे कप घेऊन आला होता. तो दाराशीच थांबला.

मग तुकडा संपला. पडदा थरथरला आणि निळा झाला. नुसता कोरा निळा, टेप खरोखर संपल्यावर येतो तो. मधलीने अजून कापला नव्हता. ती रिमोटकडे हात नेत होती तेवढ्यात आईचा आवाज आला.

"आता तुम्ही आलात."

मधलीचा हात तिथेच राहिला.

"मी?" बाबा म्हणाले.

"हो, तुम्हीच. कॅमेरा कठड्यावर ठेवलात आणि पुढे आलात. चढून येताय पायऱ्या. आता माझ्या शेजारी बसलात."

दादाच्या घरीही तोच निळा पडदा असणार होता. मधलीने बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा, पांढऱ्या भुवया, मांडीवरचे हात, सगळं त्या निळ्या उजेडात बुडालं होतं. ते तोंड वळवून टीव्हीशेजारच्या भिंतीकडे बघत होते. एवढा मोठा निळा चौकोन त्यांना कडेने दिसला नसेल, असं होणं शक्यच नव्हतं.

"बोलतोय का मी काही?" त्यांनी विचारलं.

"नाही. बसलात नुसते. मी सफरचंद पुढे केलं, तुम्ही एक घास घेतलात."

"शर्ट कुठला आहे?"

दूरच्या त्या घरात कोणी तरी खुर्ची जवळ ओढली.

"चौकड्यांचा," ती म्हणाली. "कॉलर उसवलीये. काढून द्या, शिवून ठेवते."